"सौ. लिहू की श्रीमती?" नोंदणी खिडकीवरच्या एका प्रश्नाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण तालुक्याच्या गावातल्या, एका विश्वस्त संस्थेच्या मध्यम आकाराच्या रुग्णालयातलं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, विभाग आणि माणसांचे तपशील बदलले आहेत. बोलण्याचा ढंग मात्र तसाच ठेवला आहे, कारण प्रकरण त्या बोलण्याचंच आहे.

बाह्यरुग्ण विभागातली बहुतेक गर्दी सकाळी नऊ ते साडेअकरा या वेळात येते. नोंदणीच्या 4 खिडक्या आहेत. प्रत्येक खिडकीला जाड काच आणि खाली कागद-पैसे सरकवण्यापुरती अर्धगोल फट. बोलण्यासाठी वेगळी जाळी नाही, माईक नाही. त्यामुळे बाहेरचा माणूस वाकून फटीशी तोंड नेतो आणि आतला कारकून आवाज चढवतो. मागे रांग असते आणि रांगेला सगळं ऐकू जातं. ही काच सुरुवातीला कुणाच्याच लक्षात आली नाही, पण पुढे तिचा वाटा मोठा निघाला.

खिडकीच्या आत कारकून. तपासणीच्या दारावर नाव पुकारणारे मामा, वॉर्डात मावशी, औषधाच्या खिडकीवर फार्मासिस्ट, प्रवेशद्वारावर कंत्राटी सुरक्षारक्षक. रुग्ण डॉक्टरांसमोर पाच-सात मिनिटं बसतो. त्याआधी आणि नंतर त्याचं बोलणं याच माणसांशी होतं. रुग्णालयात कुणी कसं वागवलं हे बहुधा इथेच ठरतं, आणि संभाषणाचं प्रशिक्षण मात्र डॉक्टर आणि सिस्टर यांच्यापुरतंच होत असे.

काय घडलं

पंचेचाळिशीच्या एक बाई मधुमेहाच्या तपासणीसाठी आल्या. नवा केसपेपर काढायचा होता. नाव, वय, पत्ता झाल्यावर कारकुनांनी विचारलं, "सौ. लिहू की श्रीमती?" बाई काहीतरी बोलल्या, काचेतून ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा तोच प्रश्न मोठ्याने आला. तिसऱ्यांदा प्रश्नच बदलला: "अहो, मालक आहेत की नाहीत?" रांगेतली दोन-तीन माणसं पुढे डोकावून बघू लागली. बाईंनी फटीतून आपलं आधार कार्ड मागे घेतलं आणि केसपेपर न काढताच त्या निघून गेल्या.

त्यांचे पती काही महिन्यांपूर्वी याच रुग्णालयात वारले होते. कारकुनांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं.

चार दिवसांनी त्यांच्या भाच्याने लेखी अर्ज दिला. त्यात अरेरावीची तक्रार नव्हती, कारवाईची मागणी नव्हती. एवढंच विचारलं होतं: हा प्रश्न विचारण्याची गरज काय, ते कळवावं.

उत्तर लिहायला बसल्यावर अडचण झाली, कारण उत्तर नव्हतंच. पती हयात आहेत की नाहीत, याचा मधुमेहाच्या तपासणीशी काहीही संबंध नाही. नोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नावाआधीचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं, म्हणून प्रश्न विचारला जात होता. पुरुषासाठी "श्री." एवढा एकच पर्याय. बाईसाठी तीन: कु., सौ., श्रीमती. कार्यालयीन लिखाणात "श्रीमती" कुठल्याही बाईला चालतं, पण घराघरांत आणि लग्नपत्रिकांत त्याचा अर्थ काय घेतात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्हणजे बाईला नोंदणी करायची तर आधी वैवाहिक स्थिती जाहीर करावी लागत होती, तीही रांगेसमोर.

समोर असलेले पर्याय

वैद्यकीय अधीक्षकांनी बोलावलेल्या बैठकीत समाजसेवा अधीक्षक, मेट्रन, नोंदणी विभागाचे प्रमुख आणि संगणक विभागातला एक तंत्रज्ञ होते. पाच गोष्टी चर्चेला आल्या.

कारकुनांना मेमो द्यावा, ही पहिली सूचना. फाइल त्याच दिवशी बंद झाली असती. पण तोच प्रश्न उरलेल्या तिन्ही खिडक्यांवर रोज विचारला जात होता. मेमो एकालाच मिळाला असता. नोंदणी प्रमुखांनी हे स्पष्टपणे मांडलं आणि तो पर्याय मागे पडला. या प्रकरणातला हा पहिला योग्य निर्णय. एका माणसावर ठपका ठेवला असता तर इतर कर्मचाऱ्यांनी पुढे कधीच मोकळेपणाने काही सांगितलं नसतं.

दुसरी सूचना होती अर्ध्या दिवसाचं व्याख्यान आणि भिंतीवर लावायची शब्दांची यादी. तिसरी, फॉर्म आणि सॉफ्टवेअर बदलणं. चौथी, खिडकीची काच आणि पुकारण्याची पद्धत बदलणं. पाचवी सूचना अभिप्राय पेटीची होती. ती समाजसेवा अधीक्षकांनीच बाजूला ठेवली: जी व्यक्ती केसपेपर न घेता निघून जाते, ती पेटीत चिठ्ठी टाकायला थांबत नाही.

दुसरा पर्याय लगेच आणि जवळपास फुकट होणारा होता. तिसऱ्यासाठी सॉफ्टवेअर पुरवठादाराला पत्र गेलं. चौथा "बघू" म्हणून ठेवला गेला.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

यादी दोन रकान्यांची होती. डावीकडे नको असलेले शब्द, उजवीकडे हवे असलेले. "लंगडा", "आंधळा" यांच्यासमोर "दिव्यांग". "मुका-बहिरा" समोर "कर्णबधिर". "वेडा" समोर "मानसिक आजार असलेली व्यक्ती". "महारोगी" समोर "कुष्ठरोग असलेली व्यक्ती". क्षयरोगाच्या नोंदवहीत मध्येच औषध सोडलेल्या रुग्णासाठी "डिफॉल्टर" हा शब्द अजून चालू होता, तोही यादीत आला. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये आपल्या व्याख्या सुधारताना तो काढून टाकलेला आहे, कारण तो आजारी माणसाला कर्जबुडव्यासारखा दोषी ठरवतो. त्याऐवजी "पाठपुरावा सुटलेले" असं लिहायचं ठरलं.

यादीतल्या शब्दांत चूक नव्हती. तरी तिसऱ्याच दिवशी दारावरून हाक ऐकू आली: "ए दिव्यांग, इकडे ये."

शब्द बदलला होता आणि बाकी सगळं जागच्या जागी होतं. माणसाला नावाऐवजी त्याच्या शारीरिक स्थितीवरून हाक मारणं तसंच, "ए" तसंच, "ये" तसंच. शिवाय ज्यांच्यासाठी शब्द निवडला त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. "दिव्यांग" हा शब्द सरकारी कागदांत रुळला असला तरी तो न आवडणारे बरेच जण आहेत. त्यांना साधं "अपंग व्यक्ती" जास्त सरळ वाटतं. "अंध" या शब्दात अनेक अंध व्यक्तींना काहीच गैर वाटत नाही. असे शब्द भिंतीवर ठरत नाहीत. आणि नोंदणी खिडकीवर यांतल्या बहुतेक शब्दांची गरजच पडत नाही, कारण समोरच्याला नाव असतं.

व्याख्यानात कायद्याची माहितीही दिली गेली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातलं कलम 92: अपमान करण्याच्या हेतूने चारचौघांत जाणूनबुजून मानहानी केल्यास सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. एचआयव्हीबाबतच्या 2017 च्या कायद्यानुसार एखाद्याची स्थिती संमतीशिवाय उघड करता येत नाही. माहिती बरोबर होती, पण ती आधी दिली गेली आणि धाक म्हणून दिली गेली. परिणाम असा झाला की दोन कारकून बोलेनासेच झाले. हात पुढे, कागद आत, कागद बाहेर. तक्रार टाळण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग होता आणि रुग्णांना तो आधीपेक्षा जास्त तुटक वाटला.

खिडकीशेजारचा तास

यानंतर समाजसेवा अधीक्षकांनी एक साधी गोष्ट केली. रोज एक तास त्या नोंदणीजवळच्या बाकावर बसल्या. हातातल्या कागदावर तीनच रकाने: क्रियापद कोणतं वापरलं (ये की या), आजार किंवा खासगी बाब मोठ्याने बोलली गेली का, आणि रुग्ण समोर असताना प्रश्न सोबतच्या माणसाला विचारला का. कर्मचाऱ्याचं नाव लिहायचं नाही, हे आधीच सांगितलं होतं. त्यामुळे लोक सावध झाले तरी बिथरले नाहीत.

दोन आठवड्यांत जे दिसलं त्यात यादीवरचे शब्द अगदी क्वचित होते. मराठीत अनादर नामात कमी आणि क्रियापदाच्या शेवटी जास्त असतो. "बस तिथे" आणि "बसा तिथे" यांत एका मात्रेचा फरक आहे. गंमत म्हणजे एकच कारकून शर्ट-पँटमधल्या माणसाला "तुम्ही सही करा" म्हणत होते आणि धोतरातल्या, त्यांच्या वडिलांच्या वयाच्या माणसाला "अंगठा लाव". त्यांच्या ते लक्षातही येत नव्हतं. कपडे, बोली, चप्पल बघून क्रियापद आपोआप ठरत होतं.

दुसरी गोष्ट व्याकरणाची, आणि ती पुढे फार उपयोगी पडली. "तू" आलं की मराठी क्रियापद लगेच लिंग मागतं: गोळ्या घेतोस की घेतेस, कधी आलास की आलीस. "तुम्ही" म्हटलं की ही अडचण राहत नाही: गोळ्या घेता का, कधी आलात, कुठे दुखतंय. म्हणजे एकाच बदलात मानही राखला जातो आणि समोरची व्यक्ती स्त्री की पुरुष हे अंदाजाने ठरवण्याची गरजही राहत नाही. तिसऱ्या व्यक्तीबद्दल बोलताना मात्र "हे आले", "ह्या आल्या" असा फरक आदरार्थीही राहतो. तिथे विभक्तीचा आधार घेता येतो: "यांना आधी कधी दाखवलंय?", "यांचा केसपेपर कुठंय?" यांना, यांचा, यांनी ही रूपं सगळ्यांना सारखी.

तिसरी गोष्ट नात्यांच्या हाकांची. आजी, काका, मावशी, दादा. बहुतेक वेळा त्यांत आपुलकी असते आणि ती सरसकट बंद करण्याचा विचार बैठकीत आला तेव्हा मेट्रननी विरोध केला, तो बरोबरच होता. पण पन्नाशीच्या बाईला "आजी" म्हटल्यावर तिचा चेहरा पडतो, हेही त्या तासांत अनेकदा दिसलं. केस पांढरे आहेत म्हणून वय ठरवून टाकलं जातं.

उलट दिशेचं एक निरीक्षणही नोंदवलं गेलं. काही भागांतल्या बोलीत अहो-जाहो फारसं नाहीच. तिथला माणूस डॉक्टरांनाही "तू बघ की जरा" म्हणतो. त्यात उद्धटपणा नसतो. एका सुरक्षारक्षकाने अशा एका आजोबांना "साहेबांना तुम्ही म्हण" असं सुनावलं होतं, तेही स्वतः "म्हण" वापरून. रुग्णाची भाषा सुधारणं हे रुग्णालयाचं काम नाही, असा वेगळा नियम यातून झाला.

दुसऱ्या फेरीत काय केलं

भिंतीवरची यादी उतरवली. तिच्या जागी रोज लागणारी वाक्यं निवडली आणि ती तोंडात बसवली. काही वाक्यं अशी:

"पुढे ये" च्या जागी "या, पुढचं कोण?"
"नाव काय तुझं?" च्या जागी "पूर्ण नाव सांगता?"
"काय होतंय?" च्या जागी "कोणत्या विभागात जायचंय?"
"कळत नाही का, तिकडे जा" च्या जागी "हे काम तीन नंबरच्या खिडकीवर होतं. इथून डावीकडे."
"ऐकू येत नाही का?" च्या जागी "मी परत सांगतो" आणि तरीही न कळल्यास कागदावर लिहून दाखवणं.

सराव सकाळी खिडक्या उघडण्याआधी दहा मिनिटं, दोघांच्या जोडीने, मध्ये तीच काच ठेवून. काच मध्ये ठेवणं महत्त्वाचं ठरलं. खोलीत बसून सगळ्यांना "या, बसा" सहज जमत होतं. काचेआडून आवाज चढला की क्रियापद पुन्हा एकेरीवर घसरत होतं. तेव्हा कुठे चौथ्या पर्यायाकडे लक्ष गेलं. फटीच्या वर तोंडाच्या उंचीला काचेत छिद्रांची जाळी पाडून घेतली, एका खिडकीची उंची चाकाच्या खुर्चीतून बोलता येईल इतकी कमी केली आणि रांगेची पहिली रेघ खिडकीपासून चार पावलं मागे आखली. आवाज खाली आला. आवाज खाली आल्यावर बोलणंही नरमलं.

"काय होतंय?" हा प्रश्न खिडकीवरून पूर्ण काढला. विभागाचं नाव सांगता येत नसेल तर कारकून आत बसलेल्या सिस्टरकडे पाठवतात; त्रास काय आहे हे ती दार लावून विचारते. गुप्तरोग, क्षयरोग, एआरटी केंद्र (एचआयव्हीवरच्या उपचारांचं), मानसिक आरोग्य, या विभागांसाठी हा बदल सगळ्यात मोलाचा होता. "टीबीवाले या बाजूला" ही हाक बंद व्हायलाच हवी होती.

पुकारायचं कसं

यावर सगळ्यात जास्त वाद झाला.

नुसतं टोकन पुकारावं, असं संगणक विभागाचं म्हणणं. नाव नाही, आजार नाही, वाद नाही. पण अंध व्यक्तीला पडद्यावरचा आकडा दिसत नाही, कर्णबधिर व्यक्तीला पुकारा ऐकू येत नाही आणि ज्यांना अंक वाचता येत नाहीत ते दर दोन मिनिटांनी दारावर येऊन "माझा नंबर आला का" विचारतात. त्यावर मामा चिडतात. पूर्ण नाव पुकारावं तर आडनावावरून जात ओळखण्याची सवय आपल्याकडे आहे आणि भरल्या व्हरांड्यात ते प्रत्येकाला नको असतं.

ठरलं असं: पडद्यावर टोकन, तोंडी टोकन आणि सोबत "हाक मारायचं नाव". नोंदणीच्या वेळी एकच प्रश्न वाढला: "तुम्हाला काय नावाने हाक मारू?" उत्तर जसं येईल तसं लिहायचं. कुणी "शांताबाई" सांगतं, कुणी "नुसतं शांता", कुणी "जोशी सर म्हणा". काही सेकंदांचं काम आहे. आजी की ताई, बाई की मॅडम, हा कारकुनाचा प्रश्न यातून आपोआप सुटतो. वर उल्लेखलेल्या खासगी विभागांत मात्र नाव नाही, फक्त टोकन. ज्यांना आकडा दिसणार किंवा ऐकू येणार नाही, त्यांच्याजवळ जाऊन सांगायचं.

या रकान्याचा खरा कस त्वचारोग विभागात लागला. ओळखपत्रावर पुरुषाचं नाव असलेली एक तृतीयपंथी व्यक्ती आधी दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा ते नाव पुकारल्यावर उठलीच नव्हती. टोकन वाया गेलं, कागदावर "गैरहजर" शेरा पडला. तृतीय लिंगाला सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच कायदेशीर मान्यता दिली आहे आणि फॉर्मवर तिसरा चौकोनही होता, पण दारावरची हाक फॉर्म बघून दिली जात नव्हती. आता ओळखपत्रावरचं नाव योजनेच्या आणि विम्याच्या कागदांपुरतं आतल्या पानावर राहतं; केसपेपरच्या माथ्यावर हाक मारायचं नाव येतं. तिसऱ्या वेळी ती व्यक्ती पहिल्या हाकेला उठली.

डॉक्टरांची एक रास्त शंका होती: दोन नावांमुळे रुग्णांची अदलाबदल होणार नाही का? म्हणून दाखल रुग्णाच्या मनगटपट्टीवर नोंदणी क्रमांक, ओळखपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख तशीच ठेवली. औषध किंवा रक्त देण्याआधी किमान दोन खुणा जुळवायच्या असतात आणि खाटेचा क्रमांक त्यांत धरायचा नसतो, कारण खाटा बदलतात. "बेड बारा" अशी हाक त्यामुळे माणुसकीला आणि सुरक्षिततेला, दोन्हींना धरून नाही. वॉर्डातल्या सिस्टरांना हे दुसरं कारण जास्त लवकर पटलं.

मध्येच उद्भवलेली अडचण

सॉफ्टवेअर पुरवठादाराकडून बदल येईपर्यंत रकाना सक्तीचाच होता. तोवर सगळ्या बायकांपुढे "श्रीमती" टाकावं, अशी तोंडी सूचना नोंदणी प्रमुखांनी दिली. हेतू चांगला होता. दुसऱ्याच दिवशी दोन बाया केसपेपर घेऊन परत खिडकीवर आल्या, एक तर रागाने थरथरत: "माझे मालक बाहेर उभे आहेत, तुम्ही श्रीमती कसं लिहिलं?"

एका बाईचा अपमान टाळायला दुसरीचा झाला. आपण ठरवून सगळ्यांवर एकच शब्द लादला की असं होतं. अखेर तंत्रज्ञाने त्या रकान्यात टिंब चालवून घेण्याची सोय केली आणि छापील कागदावर नावाआधी काहीच येईनासं झालं, पुरुषांच्याही नाही. जिला "सौ." हवं तिने सांगितलं की लिहितात. "पती/वडिलांचे नाव" हा रकाना "जवळच्या व्यक्तीचे नाव व फोन" असा झाला. तातडीच्या वेळी रुग्णालयाला खरी गरज त्याचीच असते.

मावशी आणि मामांचं म्हणणं

सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात एका मामांनी सगळ्यांसमोर विचारलं की आम्ही पेशंटला तुम्ही म्हणायचं, आणि आम्हाला मात्र कालचे शिकाऊ डॉक्टर "ए मामा, स्ट्रेचर आण" म्हणणार, हे कसं?

बैठकीत यावर शांतता पसरली, पण मुद्दा टाळला गेला नाही. एकेरी वरून खाली उतरत येतं. ज्याला दिवसभर "आण, ने, पूस" ऐकावं लागतं, त्याच्या तोंडून शेवटच्या बाकावरच्या रुग्णाला "ये, बस" निघणं स्वाभाविक आहे. तेव्हा आदरार्थी क्रियापदाचा नियम कर्मचाऱ्यांनाही लागू झाला आणि अधीक्षकांनी फेरीच्या वेळी स्वतः तो पाळायला सुरुवात केली. छातीवरच्या ओळखपट्टीवर पदाऐवजी नाव मोठ्या अक्षरात आलं. काही मावशींनी "मावशीच म्हणा, बरं वाटतं" असं सांगितलं. त्यांच्यासाठी तेच ठेवलं. दोघींना आपल्या नावानेच हाक हवी होती, आणि त्यांना याआधी तसं कुणी विचारलं नव्हतं.

तक्रारदारांना उत्तर

पहिल्या मसुद्यात "आपल्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत" असं वाक्य होतं. समाजसेवा अधीक्षकांनी ते परत पाठवलं. "असल्यास" या शब्दाने झालेली गोष्टच संशयात जाते आणि दोष ऐकणाऱ्याच्या भावनांवर जातो. पाठवलेल्या पत्रात चार गोष्टी होत्या: काय विचारलं गेलं ते जसंच्या तसं, त्या प्रश्नाची वैद्यकीय गरज नव्हती ही कबुली, माफी, आणि कोणता रकाना कधीपासून बदलला. त्या कारकुनांनी प्रत्यक्ष भेटून माफी मागण्याची तयारी दाखवली होती. बाईंनी भाच्याकरवी कळवलं की भेटायची इच्छा नाही, पत्र पुरेसं आहे. आग्रह केला नाही. माफी मागणाऱ्याचं मन हलकं व्हावं म्हणून समोरच्याला पुन्हा त्या खिडकीशी उभं करणं योग्य झालं नसतं.

परिणाम

खिडकीशेजारचा तास सहा महिने अधूनमधून चालू राहिला. एकेरी क्रियापद सगळ्यात आधी कमी झालं. जाळी बसल्यानंतर तर ठळकपणे. आजार मोठ्याने बोलणं खिडकीवर जवळपास थांबलं, औषधाच्या खिडकीवर नाही. तिथे फार्मासिस्ट अजूनही "ही झोपेची, ही डोक्याची" असं समजावतात आणि ते समजावणं आवश्यकही आहे. त्यांच्यासाठी बाजूला एक उंच टेबल ठेवलं आहे, पण गर्दीत ते वापरात राहत नाही.

निरीक्षणाच्या कागदावरचा तिसरा रकाना, म्हणजे प्रश्न सोबतच्या माणसाला विचारणं, जवळपास हललाच नाही. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला सोडून ढकलणाऱ्याला "यांना काय झालंय?" विचारणं, कर्णबधिर मुलीऐवजी तिच्या आईकडे बघून बोलणं, वृद्धांच्या डोक्यावरून मुलाशी संभाषण करणं. शब्द आदरार्थी आहेत, पण ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो त्यात नाही. कारण उघड आहे: सोबतचा माणूस लवकर उत्तर देतो आणि रांग पुढे सरकते. यावर सराव वेगळा करावा लागतो. नजर रुग्णाकडे, पहिला प्रश्न रुग्णाला, मग मनात पाचपर्यंत मोजायचं आणि तोवर सोबतच्याकडे बघायचं नाही. उत्तर आलं नाही तर रुग्णालाच विचारायचं, "यांना विचारलं तर चालेल?" ओठ वाचणाऱ्या व्यक्तीशी बोलताना तोंड झाकलेलं नको, मान कागदात नको, ओरडणं नको, ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो आणि उलट कमी कळतं.

शिकाऊ डॉक्टरांची तुकडी बदलली की मामांशी बोलण्याची पद्धत पुन्हा जुन्या वळणावर जाते, असंही दिसलं.

वेगळं काय करता आलं असतं

निरीक्षण आधी आणि यादी नंतर, हा क्रम हवा होता. दोन आठवडे बाकावर बसून मग ठरवलं असतं तर ती यादी बहुधा लागलीच नसती.

अपंग आणि तृतीयपंथी व्यक्तींशी बोलणं दुसऱ्या फेरीत, तेही ओघाने झालं. पहिल्याच बैठकीत रुग्णालयात नियमित येणाऱ्या तीन-चार जणांना, त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च देऊन, बोलावायला हवं होतं. खिडकीची उंची आणि टोकनची अडचण त्यांनी पहिल्या पंधरा मिनिटांत सांगितली असती.

सक्तीचा रकाना तात्पुरता कसा टाळायचा, हे तंत्रज्ञाला पहिल्याच दिवशी विचारता आलं असतं. टिंबाची युक्ती त्याला आधीपासून माहीत होती. कुणी विचारलं नाही म्हणून त्याने सांगितली नाही.

कायद्याची माहिती सरावानंतर आणि लहान गटात द्यायला हवी होती, म्हणजे "असं बोललं तर गुन्हा का?" हे प्रश्न कर्मचाऱ्यांनी मोकळेपणाने विचारले असते.

सुरक्षारक्षक कंत्राटी असल्याने दर काही महिन्यांनी बदलतात. आता नव्या माणसाला पहिल्या दिवशी गणवेशाबरोबर त्या वाक्यांचा कागद मिळतो आणि पहिले तीन दिवस सकाळची दहा मिनिटं तो काचेच्या बाहेरच्या बाजूला, रुग्णाच्या जागी उभा राहतो.